दिवसभर तुम्ही मुलांना शिकवता काय?

उंबरठा
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गेली नऊ वर्षं मी राहत्या घरात पाळणाघर चालवते. सध्या पाच पोरं आहेत. सगळ्यात धाकटी दहा महिन्यांची, मग एक चौदा महिन्यांचा, दोघी अडीचच्या आगेमागे आणि थोरली चार वर्षांची. अर्धा दिवस मदतीला एक मावशी येतात. बाकी मी एकटीच.

परवा अडीच वर्षांच्या एकीची आई तिला न्यायला आली. चप्पल घालता घालता म्हणाली, "काकू, एक विचारू? दिवसभर तुम्ही मुलांना शिकवता काय?" आवाजात खोच अजिबात नव्हती. तरी मला उत्तर सुचेना. "खेळतात, जेवतात, झोपतात" एवढंच तोंडातून आलं आणि ते किती लंगडं आहे ते बोलता बोलताच कळलं.

रात्री वही घेऊन बसले आणि त्या दिवशी खरोखर काय काय घडलं ते लिहून काढलं. धाकटीने चमचा सतरा वेळा खाली टाकला. (आकडा पक्का आहे, कारण सतराही वेळा तो मीच उचललाय.) चौदा महिनेवाल्याने खालच्या कप्प्यातले सगळे डबे बाहेर काढले, झाकणं बसवून पाहिली, एक बसेना म्हणून रडला, मग ते फिरवल्यावर बसलं तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यानेच झाकणाचा शोध लावलाय. अडीचवाल्या दोघींची रिकाम्या खोक्यावरून जुंपली. थोरलीने "हे दुकान, तू आत बस, ती गिऱ्हाईक" असा तोडगा काढला आणि पाऊण तास घरात शांतता. लंगोट आठ वेळा बदलले. झोपवायची तऱ्हा प्रत्येकीची वेगळी: एकीला पाठीवर थोपटलेलं लागतं, एकीला कुणी हात लावलेलाही चालत नाही.

आता यातलं "शिकवणं" कोणतं? आणि त्याहून खरा प्रश्न: माझ्याकडून काही राहून जातंय का? कौतुक नको, नेमकं सांगा.

दोन_टोकं
वाचतेय. माझा मुलगा दीड वर्ष असाच एका ताईंकडे होता, म्हणून आईच्या बाजूने बोलते. तिला तुमची परीक्षा घ्यायची नव्हती. दिवसाचे नऊ-दहा तास आपलं मूल आपल्या डोळ्याआड असतं. त्या तासांचं चित्रच समोर नसतं हो! संध्याकाळी हातात येतं ते दमलेलं, चिडचिडं पोर आणि मळके कपडे. मग मन काहीतरी पुरावा मागतं. रंगवलेला कागद, पाठ झालेली कविता, काहीही. मीही विचारलं होतं, आणि आमच्या ताई रागावल्या होत्या.

आजोबा_ऑनलाइन
आमच्या काळी पोरं आपोआप वाढली. कोणी चमचे मोजले नाहीत. दोन वेळचं जेवण आणि खेळायला मोकळी जागा मिळाली की झालं. उगाच प्रत्येक गोष्टीचं शास्त्र करायचं फॅड निघालंय.

मधली_सुट्टी
काका, आपोआप नाही वाढली. घरात चार मोठी माणसं, सहा भावंडं, शेजारचे दोन असा गोतावळा होता. कुणी ना कुणी बोलत, उचलत, रागवत होतंच. आता तो अख्खा गोतावळा एका उंबरठाताईंच्या अंगावर आलाय, म्हणून त्यांना विचार करावा लागतोय.

आजोबा_ऑनलाइन
हे मात्र खरं. मान्य.

बोबडे_बोल
मी वाचा-उपचाराचं काम करते. धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये ताईंनी स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय, त्यांना ते दिसलेलं नाही एवढंच.

त्या सतरा चमच्यांबद्दल बोलू. दहा महिन्यांचं मूल चमचा टाकतं तेव्हा ते दोन गोष्टी तपासतं. पहिली, नजरेआड गेलेली वस्तू अजून आहे की नाही. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी याला वस्तूचं स्थायित्व म्हटलं, आणि त्यांच्या निरीक्षणात साधारण आठव्या महिन्याच्या सुमाराला मुलं लपवलेली वस्तू शोधायला लागतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: मी काही केलं की समोरचं माणूस काही करतं का? तुम्ही उचललात, "पडला!" म्हणालात, ती हसली, तिने परत टाकला. हार्वर्डचं लहान मुलांच्या विकासावरचं केंद्र या देवाणघेवाणीला टेनिसची उपमा देतं. मुलाने चेंडू मारायचा, मोठ्याने परतवायचा. पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला १० लाखांहून जास्त नव्या जोडण्या होतात असं तेच केंद्र सांगतं, आणि पुढे ज्या वापरल्या जातात त्या टिकतात, बाकीच्या छाटल्या जातात. आता तुम्हीच ठरवा, सतरा वेळा चमचा उचलणं हे शिकवणं की नाही.

उलटं काय होतं तेही दिसलेलं आहे. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी छान खेळायचं आणि मग एकदम चेहरा निर्विकार ठेवून नुसतं बघत राहायचं. बाळ आधी हसून बघतं, हातवारे करतं, आवाज काढतं, आईला परत आणायचा सगळा प्रयत्न करतं. जमलं नाही की तोंड फिरवतं, कोसळतं. मिनिटा-दोन मिनिटांत! मी पालकांना आणि पाळणाघरवाल्यांना नेहमी सांगते की मोबाइलमध्ये बघणारा आपला चेहरा अगदी तसाच दिसतो.

राहून जाण्याबद्दल: बहुतेकांचं राहतं ते थांबणं. आपण विचारतो "बाळाला काय हवं, पाणी हवं?" आणि श्वास न घेता पाणी देतोही. विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो. त्या पाच आकड्यांत कधी नजर येते, कधी बोट, कधी "पा". तोच त्याचा चेंडू.

दोन_टोकं
ते तीन कोटी शब्दांचं म्हणजे याच्याशीच संबंधित ना? श्रीमंत घरातलं मूल तीन वर्षांत इतके शब्द जास्त ऐकतं वगैरे? मी ते वाचून महिनाभर मुलाला घरातल्या प्रत्येक वस्तूचं धावतं समालोचन ऐकवलं होतं. शेवटी नवरा म्हणाला, आता त्याला आणि मला दोघांनाही सोड.

बोबडे_बोल
हा हा. हो, हार्ट आणि रिझली यांचा तो १९९५चा अभ्यास. फक्त ४२ कुटुंबं होती त्यात, आणि आकड्यावर पुढे भरपूर वाद झाले. घरातली इतर माणसं मुलाच्या आसपास जे बोलतात ते मोजलं तर ती दरी तशी राहत नाही असं काहींनी दाखवलं. वाद बाजूला ठेवला तरी किती शब्द कानावर पडले यापेक्षा किती वेळा बोलणं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे झालं याला वजन जास्त, याकडे नंतरच्या संशोधनाचा कल आहे. तेव्हा समालोचन सोडा, गप्पा मारा. आणि त्यासाठी लंगोट बदलण्यासारखी दुसरी वेळ नाही. समोरासमोर चेहरा, हातभर अंतर, मधे कुणी नाही.

पाटीपेन्सिल
माफ करा, पण मला हे जरा गोडगोड वाटतंय. माझा भाचा तीनचा होता तेव्हा शंभरपर्यंत आकडे म्हणायचा आणि अक्षरं गिरवायचा. त्याच्या पाळणाघरात रोज तासभर रीतसर वर्ग होता. पुढे शाळेत स्पर्धा आहेच. चमचे उचलून काय होणार? आई विचारते त्यात चूक काय?

खडू_आणि_फळा
पाटीपेन्सिल, मी पहिलीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे शंभरपर्यंत म्हणणारी मुलं दर वर्षी माझ्याकडेच येतात. त्यांना म्हणावं, या ढिगातून मला सात ठोकळे दे. निम्मी मुलं मूठभर उचलून देतात. आकड्यांची माळ पाठ असणं आणि "सात" म्हणजे शेवटचा ठोकळा मोजल्यावर हातात असलेली एकूण वस्तू हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट जेवायच्या वेळी येते. "आज आपण पाच जण, पाच वाट्या मांड बरं" असं थोरलीला सांगितलं की ती एकेका माणसासमोर एकेक वाटी ठेवते, एक कमी पडली की परत आत जाते. गणित तिथे आहे.

अक्षरांचंही तेच. तीन वर्षांच्या मुलाचा खांदा आणि मनगट अजून तयार होत असतं. बारीक पेन्सिल देऊन रेषेवर गिरवायला लावलं की ते मूठ आवळून, जीभ बाहेर काढून कसंबसं करतं आणि चुकीची पकड अंगवळणी पडते. ती सोडवता सोडवता माझं वर्ष जातं. त्याऐवजी चिमट्याने कपडे अडकवणं, पीठ मळणं, ओलं फडकं पिळणं, झाकण फिरवणं (तो डबेवाला!), भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदावर हात उंच करून रेघोट्या मारणं ही त्या वयाची लिखाणाची तयारी.

शाळेत येताना मला मुलात काय हवं असतं सांगू? आपली पाळी येईपर्यंत थांबता यावं, हवं ते शब्दांत मागता यावं, पडलं तर उठता यावं. हे घरच्या पाळणाघरात जितकं होतं तितकं तासभराच्या वर्गात होत नाही. हे माझं वैयक्तिक मत.

पाटीपेन्सिल
ठीक. भाच्याच्या पकडीबद्दल काही बोलत नाही.

उंबरठा
इतके प्रतिसाद! सावकाश वाचतेय. वाट्यांचं उद्यापासूनच.

एक अडचण विचारू का, थोडं अवांतर आहे. अडीचवाल्यांतली एक चावते. महिनाभर झाला. दुसरीच्या दंडावर दोनदा वण उठले. तिची आई साहजिकच संतापली. मी ओरडून पाहिलं, कोपऱ्यात बसवून पाहिलं. काल तर ती चावली आणि मग स्वतःच रडायला लागली.

मधली_सुट्टी
आमच्या घरी धाकट्याला एकदा उलट चावून दाखवलं होतं मोठ्यांनी. परत चावला नाही.

बोबडे_बोल
कृपा करून असं करू नका. मोठं माणूस चावतं म्हणजे चावणं हा मोठ्यांना मान्य असलेला उपाय आहे, एवढंच ते शिकतं.

एक ते तीन वर्षांच्या दरम्यान चावणं खूप मुलांत दिसतं आणि पुष्कळदा कारण हे असतं: मनात आहे ते बोलायला जिभेवर शब्द नाहीत, मग दात पुढे येतात. ताई, वही आहेच तुमची. आठवडाभर फक्त एवढं टिपा: किती वाजता, कुठे, आधीच्या एका मिनिटात काय झालं. उत्तर बहुधा तिथेच सापडेल. चावली की आधी जिला लागलं तिच्याकडे जा, जखम धुवा, तिला जवळ घ्या. चावणारीला दोनच वाक्यं: "चावायचं नाही. तिला दुखलं." नंतर, शांत असताना, "माझं आहे", "दे", "सरक" हे शब्द तोंडात बसवा. आणि कोण चावलं ते दुसऱ्या पालकांना सांगू नका. घडलं काय आणि तुम्ही केलंत काय, ते सगळं सांगा.

आजोबा_ऑनलाइन
चावऱ्या पोरीला भूक लागलेली असते किंवा झोप आलेली असते. हे शास्त्र मला ठाऊक आहे.

कुलूप_किल्ली
मी बारा वर्षं पाळणाघर चालवून दोन वर्षांपूर्वी बंद केलं. ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. थोडं कडू बोलते.

इथे सगळे सांगतायत ते खरं आहे, पण ते सगळं होतं पोरं मोजकी असली तरच. माझ्याकडे एक काळ असा होता की आठ होती, त्यातली तिघं एक वर्षाच्या आतली. पैशाची ओढ होती, नाही म्हणता येत नव्हतं. तेव्हा मी कुणालाच वाढवत नव्हते, वाहतूक सांभाळत होते. इकडे शी, तिकडे मारामारी, एक झोपलं की दुसरं उठलं. दुपारी टीव्ही लावून द्यायचे आणि स्वयंपाक उरकायचे. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणारीला आठ वर्षांखालची सहाच मुलं घेता येतात, त्यात पाचच्या आतली तीन, आणि त्या तिघांत वर्षाच्या आतलं एकच, असा सर्वसाधारण नियम आहे. मी तो वाचला तेव्हा आधी हसले आणि मग गप्प झाले. नियम करणाऱ्याने कधीतरी एकट्याने तान्हं सांभाळलेलं असणार. तुमची संख्या वाढवू नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

आणि पाच मुलांत दहा महिन्यांची आहे म्हणून: तिला झोपवताना पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी नाही, मऊ खेळणी नाहीत, जाड पांघरूण नाही. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवण्याचा प्रचार झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्याने घटली. मी सुरुवातीला पालथं झोपवायचे, "छान झोपतं" म्हणून. आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

नाजूक_विषय
टीव्हीवरून विचारते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत वर्षाच्या आत पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नको, दोन ते चारसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही जितका कमी तितका बरा, असं आहे ना? मग ते पाळणाघरात धरायचं की घरी? पाळणाघरात एक आणि घरी एक झाले की दोन होतात.

कुलूप_किल्ली
होतात. पण ताईंसारखी बाई दिवसाचा बराच वेळ एकटी असते. भाजी चिरताना, गॅस चालू असताना पोरं पायात येण्यापेक्षा वीस मिनिटं पडदा बरा, असं मी आजही म्हणेन. त्याचं रोज दोन तास कसं होतं ते कळत नाही, म्हणून सांगितलं. त्याच सूचनांत आणखी एक ओळ आहे ती कुणी वाचत नाही: लहान मुलाला सलग एका तासाहून जास्त वेळ खुर्चीत, गाडीत किंवा पाठीवर बांधून ठेवू नका, आणि एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल हवी. पडद्यासमोर ती बसतात ना, तेव्हा हे तास खाल्ले जातात.

मधली_सुट्टी
तान्ह्यांचं काय? ती कुठे हलणार?

कुलूप_किल्ली
जागी असताना पालथं घालायचं, जमिनीवर, तुम्ही समोर पोटावर झोपायचं. रांगत नाही तोवर दिवसात मिळून अर्धा तास. (झोपताना पाठीवर, जागेपणी पोटावर. याचा गोंधळ घालू नका.)

सावकाश_चाल
मी फिजिओथेरपिस्ट. चौदा महिन्यांचा मुलगा चालतो का, ताई?

उंबरठा
नाही हो. धरून चालतो. त्याच्या आजी रोज विचारतात. त्यांनी चाकाचा पांगुळगाडाही आणून दिलाय, वापरा म्हणून. तुम्ही विचारलंत आणि आता मलाच काळजी लागली.

सावकाश_चाल
काळजी करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांची हालचाल महिनोन्‌महिने टिपून २००६ साली प्रसिद्ध केली. आधाराशिवाय चालणं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही. केवढी मोठी खिडकी! ४.३ टक्के मुलं तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, आणि चालली. तो धरून उभा राहतोय, डबे काढतोय, वळून तुमच्याकडे बघतोय, हे मला पुरेसं आहे. अठराव्या महिन्यापर्यंत चालला नाही तर डॉक्टरांना दाखवायचं.

चाकाचा पांगुळगाडा मात्र नको, ज्यात मूल आत बसतं तो. चालणं लवकर येतं हा भ्रम आहे. मूल बोटांच्या टोकांवर ढकलत राहतं, आपले पाय त्याला दिसतच नाहीत, आणि जिन्यापाशी किंवा गरम भांड्यापाशी पोचतं आपल्या आधी. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. त्याला ढकलायला जड खोकं द्या. अनवाणी ठेवा.

बोबडे_बोल
खिडकी मोठी असते हे बरोबर, फक्त त्याला दुसरी बाजू जोडते. रोज पाच मुलं शेजारी शेजारी बघणाऱ्या बाईला जे दिसतं ते घरी एकच मूल असणाऱ्याला दिसत नाही. वर्षापर्यंत बोबडं बडबडणं नाही, बोट दाखवणं, टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडणं नाही. किंवा कुठल्याही वयात येत असलेलं काही गेलं, तर "होईल हळूहळू" म्हणून थांबू नका. निदान तुम्ही करू नका, नाव देऊ नका. "मला हे हे दिसलं, तुम्ही डॉक्टरांशी बोलून घ्या आणि कानांची तपासणी करून घ्या" एवढंच. सर्दीत कान भरून राहिल्याने बोलणं मागे पडलेली मुलं मी दर महिन्याला बघते.

नाजूक_विषय
आता माझा विषय. नाव घेतलंच आहे तर विचारते. माझी मुलगी सव्वा वर्षाची. पाळणाघरातल्या ताईंना "आई" म्हणाली. माझ्यासमोर. रात्रभर झोपले नाही.

दोन_टोकं
अगं. मिठी.

कुलूप_किल्ली
माझ्याकडची निम्मी पोरं कधी ना कधी मला आई म्हणाली असतील. त्या वयात "आई" हे जवळच्या बाईला हाक मारायचं नाव असतं. संध्याकाळी दार उघडलं की बघा ती कुणाकडे झेपावते.

बोबडे_बोल
मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांवर जो अहवाल लिहिला त्यातून खूप आयांच्या डोक्यात अपराधभाव बसला. पण पुढचं संशोधन स्पष्ट आहे: मूल एकाहून जास्त माणसांशी घट्ट जोडलं जातं, आणि एक नातं दुसऱ्याच्या वाट्यातून कापून घेतलेलं नसतं. अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून जास्त मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला. निष्कर्ष असा की पाळणाघराचा दर्जा फरक पाडतो, पण घरचं वातावरण आणि आई-वडिलांचं वागणं त्याहून जास्त. तुमची मुलगी त्या ताईंना आई म्हणते याचा अर्थ तिला तिथे सुरक्षित वाटतं. भीती तेव्हा वाटायला हवी, जेव्हा ती दिवसभरात कुणालाच हाक मारत नाही.

नाजूक_विषय
वाचून रडले. धन्यवाद.

उंबरठा
मीही. आणि एक कबुली: सकाळी मूल रडतं म्हणून आईने मागच्या दाराने निघून जावं, असं मीच पूर्वी सांगायचे. मूल खेळात असताना सटकायचं. आता नाही सांगत. एकदा आई अशी नाहीशी झाली की ते पोर दिवसभर माझा पदर सोडत नाही, न जाणो मीही नाहीशी होईन म्हणून. रडू दे, पण टाटा करून जायचं. रडणं दहा मिनिटांत थांबतं, सटकण्याने बसलेली धास्ती थांबत नाही.

खडू_आणि_फळा
+१. अगदी.

मधली_सुट्टी
माझी एक शंका राहिली. आमच्या ओळखीतल्या पाळणाघरात एक मुलगा नुसता उभा राहून बाकीच्यांकडे बघत बसतो. तीन महिने झाले. तो मागे पडतोय का?

खडू_आणि_फळा
किती वर्षांचा? दोन-अडीचचा असेल तर बघणं हाही खेळच. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले तेव्हा बघत उभं राहणं हा त्यातला एक धरला होता. मग शेजारी शेजारी आपापलं खेळणं येतं, आणि खरं मिळून खेळणं पुढे. त्यात काही मुलं मुळातच सावकाश रुळणारी असतात. हात धरून ओढायचं नाही. त्याच्या बाजूला बसून तुम्हीच ठोकळे रचायला लागा, त्याच्याकडे न बघता. (हे न बघणं फार अवघड जातं.) पण नजरेला नजर देत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, तर वर बोबडे_बोल यांनी सांगितलंय ते करा.

उंबरठा
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय.

चावण्याचं आजोबांनी अर्धं जिंकलं. वहीत निघालं की सातपैकी पाच वेळा वेळ साडेअकरा ते बारा, जेवणाच्या आधी, आणि जागा नेमकी दाराजवळची चिंचोळी, जिथे सगळी दाटीवाटीने चपलांशी खेळतात. जेवण वीस मिनिटं अलीकडे घेतलं, चपला वर उचलल्या. तिला "सरक" शिकवलं. आता ती दिवसभर सगळ्यांना सरकवते, मलासुद्धा. गेल्या आठवड्यात एकदाच चावली.

वाट्या थोरली मांडते. परवा मावशी सुट्टीवर होत्या तर तिने एक वाटी कमी घेतली आणि मला सांगितलं, "आज एक नाही". माझ्या लक्षात यायच्या आधी.

आणि त्या आईचं. मी तिला तक्ता दिला नाही, भाषणही केलं नाही. म्हटलं, एक दिवस अर्धा तास लवकर ये आणि कोपऱ्यात बस. ती आली. तिच्या मुलीने त्या अर्ध्या तासात बाहुलीचा लंगोट बदलला, अगदी माझ्या आवाजात, "पाय वर, शाबास, झालंच बघ" असं म्हणत. आई बघत राहिली. मग म्हणाली, "हे ती घरी पण करते, मला वाटायचं उगाच करते." पण एवढ्यावर तिचं समाधान झालं असं समजू नका. "काकू, तरी आकडे थोडे घ्या ना" हे जाताना म्हणालीच. मी म्हटलं, घेतेय, वाट्यांत. ते तिला कितपत पटलं कोण जाणे. आता रोज संध्याकाळी प्रत्येकाबद्दल वहीत दोन ओळी लिहून देते. काल तिने पहिल्यांदा खाली स्वतः एक ओळ लिहून पाठवली: "रात्री झोपेत सरक म्हणाली."

आजोबा_ऑनलाइन
अर्धं नाही, पूर्ण जिंकलो. आणि ती चमचेवाली काय म्हणतेय?

उंबरठा
टाकत नाही आता, आजोबा. हात लांब करून देते मला. मी घेतला, "थँक्यू" म्हटलं की लगेच हात पुढे, परत मागायला. काल चोवीस वेळा.